क्रोकोस्मियाचे कंद आणि आपली काळी माती
ताई, क्रोकोस्मिया या कंदापासून येणाऱ्या फुलझाडाला पानं भरपूर, पण केशरी फुलांचा दांडा काही येत नाही म्हणता, तर आधी कुंडी उकरून बघा. याचे कंद एकावर एक असे माळेसारखे वाढत जातात. बरीच वर्षं हलवले नाहीत की दाटी होते आणि फुलणं कमी होतं. पानं वाळली की कंद एकमेकांपासून सोडवा, टणक तेवढे ठेवा, तीनेक इंच खोल लावा. ऊन हवंच, पण सोलापूरचं एप्रिल-मेमधलं दुपारचं नको. घराच्या पूर्वेला सकाळचं पुरतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कंद सडतात. वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळाच. आणि पानं हिरवी असताना कापू नका हो, कंद त्यांच्यावरच पोसतात!