प्रपोजलमध्ये ॲनिमियाची कारणं नक्की कशी लिहायची?

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी, आमची छोटी संस्था आहे, बायकांमधल्या ॲनिमियावर काम करायचंय आणि त्यासाठी मी पहिल्यांदाच फंडिंगचं प्रपोजल लिहितेय. एका ठिकाणी पाठवलेलं ते परत आलं, शेरा एवढाच की "समस्येची कारणं स्पष्ट होत नाहीत". मी कारणं दिली होती की, अज्ञान, गरिबी, जागरूकतेचा अभाव, आरोग्यसेवांचा अभाव. हे सगळं खरंच आहे ना? मग अजून काय लिहायचं? प्लीज कोणीतरी सांगा, फार मनापासून लिहिलं होतं.

जुनीवही:
ताई, मी काही वर्षं असे अर्ज वाचायचं काम केलंय. तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही, पण ती चार कारणं तशीच्या तशी उचलून टीबीच्या प्रपोजलमध्ये टाकली, कुपोषणाच्या टाकली, तरी चालतील. म्हणजे ती तुमच्या समस्येची कारणं झालीच नाहीत. वाचणाऱ्याला बघायचं असतं की गरिबीपासून रक्तातल्या हिमोग्लोबिनपर्यंत गोष्ट पोचते कशी. मधल्या पायऱ्या लिहा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, पण खाली का गेलं याची उत्तरं वेगवेगळी असतात. आहारात लोह कमी, पाळीत जास्त रक्तस्राव, दोन बाळंतपणांत अंतर नाही, मलेरिया, सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारखे आनुवंशिक आजार, बी-१२ कमी. आणि हुकवर्म नावाचा जंत, तो तर अनवाणी पायातून मातीतून शरीरात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो, म्हणजे जिथे लोक उघड्यावर शौचाला जातात तिथे संडास हा सुद्धा ॲनिमियाचाच विषय झाला. यातलं तुमच्याकडे काय आहे ते शोधा, सगळं लिहू नका.

अजून एक. "अभाव" शब्द दिसला की थांबा. "समस्या: समुपदेशनाचा अभाव, उपाय: समुपदेशन" हे कारण नाही, तुम्हाला जे करायचंय तेच उलटं लिहिलंय.

पाऊलवाट:
जुनीवहींशी सहमत. कारण कशाला हवं यावर मला नेहमी जॉन स्नो हा इंग्रज डॉक्टर आठवतो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला तेव्हा बहुतेक जाणकार म्हणायचे की घाणेरड्या हवेमुळे होतो. स्नोने घरोघरचे मृत्यू मांडले, ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले, पण त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई पण गेली, जिला त्या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती मुद्दाम मागवून प्यायची. पंपाचा दांडा काढायला लावता आला तो कारण पाणी ठरलं म्हणून. हवा कारण धरली असती तर काम वेगळंच झालं असतं. तुमचं पण तसंच, कारण बदललं की ॲक्टिव्हिटी बदलते, बजेट बदलतं. म्हणून आधी ॲक्टिव्हिटी ठरवून मग तिला साजेसं कारण शोधू नका, आपण सगळेच ते करतो.

आणि "अज्ञान" काढून टाका हो. बायकांना विचारा की गोळ्या का सोडल्या. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, बद्धकोष्ठता होते, शौचाला काळं होतं आणि ते बघून बाई घाबरते, हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं. हे अज्ञान तिचं नाही, सांगायचं राहिलं ते आपलं.

कोरीपाटी:
हे वाचून गप्प बसले थोडा वेळ. आम्ही गोळ्या वाटल्या होत्या आणि किती वाटल्या ते मोजलं, किती जणींनी घेतल्या ते विचारलंच नव्हतं. या आठवड्यात बसून बारा-पंधरा जणींशी बोलले. बऱ्याच जणींनी पोट बिघडतं म्हणून सोडल्या, काहींना संपल्यावर दुसऱ्या महिन्यात मिळाल्याच नाहीत, आणि दोघी म्हणाल्या की पाळीत इतकं जातं की चक्कर येते पण ते कुणाला सांगायचं. मी आता असं लिहिलंय, बघा: "आमच्या कामाच्या भागात गोळ्या पोचतात पण पोटात जात नाहीत. त्रास झाला की विचारायला कोणी नसतं, पुरवठा मध्येच तुटतो, आणि जास्त रक्तस्रावाची तपासणी होत नाही." एवढ्या थोड्या जणींच्या बोलण्यावर हे लिहिलं तर चालेल का? आणि गरिबीचं काय करू, ती तर आहेच.

जुनीवही:
आता वाचताना मला माणसं दिसतात. बारा-पंधरा जणींशी बोललो असं स्पष्ट लिहा, टक्केवारी काढू नका, इतक्या कमी संख्येवर ती टिकत नाही. शेजारी सरकारी सर्व्हेचा आकडा द्या, समस्या किती मोठी ते तो सांगेल, का ते तुमच्या बायका सांगतील. हुकवर्म तुमच्याकडे आहे का हे बोलून कळणार नाही, त्याला शौचाची तपासणी लागते, ती पहिल्या तीन महिन्यांत करू असं बेसलाइनमध्ये, म्हणजे कामाच्या सुरुवातीच्या पाहणीत टाका. गरिबी एका वाक्यात मान्य करा आणि ती या प्रोजेक्टच्या आवाक्यात नाही हेही लिहा. त्याने अर्ज कच्चा वाटत नाही. फक्त त्या रक्तस्रावाच्या मुद्द्याला बजेटमध्ये ओळ हवी, डॉक्टरकडे पाठवायचा खर्च कुठे धरलाय?

कोरीपाटी:
नाही धरलेला. आज रात्री घालते.