चोर सोडून संन्याशाला फाशी : स्कायरिममध्ये मॉड टाकतानाची तुमची फजिती सांगा

स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम २०११ च्या नोव्हेंबरात आला. तेव्हापासून तीन लॅपटॉप बदलले, गेम तोच आहे. खरं सांगायचं तर खेळतो कमी आणि मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेले गेममधले बदल) टाकतो जास्त. दोन तास मॉड, वीस मिनिटं खेळ, मग 'आता का बंद पडला?' असा माझा रविवार जातो. तुमचेही रविवार इथे येऊ द्या. अट एकच : आधी संशय कोणावर घेतला आणि खरा चोर कोण निघाला, दोन्ही सांगायचं. 'सगळं उडवून परत टाकलं, चालू झालं' हे मी उत्तर धरत नाही.

सुरुवात माझ्यापासून. २०२३ चा डिसेंबर. चार दिवस गावी लग्नाला जाऊन आलो, गेम लावला तर स्क्रीनवर इंग्रजी चौकट. न वाचता बंद केली. (इथेच माती खाल्ली.) मग गेम थेट त्याच्या आयकॉनवरून लावला, तर चालू झाला की! फक्त स्काययूआय या मेनू बदलणाऱ्या मॉडचे मेनू बोंबलले होते. म्हणजे दोष स्काययूआयचा. तो तीनदा काढून तीनदा टाकला. रात्री दीड वाजता ती पहिली चौकट पुन्हा काढून वाचली : तुमचा गेम नवा आहे, एसकेएसई (गेमसोबत चालणारा जोड-प्रोग्राम) जुना आहे. मी गावी पंगतीला बसलो असताना गेम आपोआप १.६.११३० वर गेला होता. एसकेएसई गेमच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेला असतो, एक आकडा हलला तरी चालत नाही. आयकॉनवरून गेम लावला की तो सोबत येतच नाही आणि त्याच्या जिवावर चालणारे मॉड मुके होतात. आता काहीही बिघडलं की आधी टिल्डची कळ दाबून कन्सोल उघडतो, गेटएसकेएसईव्हर्जन टाइप करतो. आकडा आला तर पुढचा तपास.

*

मी हॉस्टेलला होते तेव्हाची गोष्ट. परीक्षा संपली म्हणून मॉड ऑर्गनायझर (मॉड सांभाळायचा प्रोग्राम) आवरायला घेतला. डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली ओव्हरराइट नावाचा एक फोल्डर दिसतो, त्यात कसल्या कसल्या फाइली साचल्या होत्या. आईची सवय अंगात मुरलेली, कचरा दिसला की काढायचा. काढला.

गेममधल्या व्हाइटरनमध्ये शिरले तर अख्खं गाव दोन्ही हात आडवे पसरून उभं. पहारेकरी तसेच, भाजीवाली तशीच, आणि तशाच अवस्थेत जमिनीवरून घसरत चालतायत. रूममेट मागून म्हणाली, "अगं, ही बुजगावणी कुठून आणलीस?"

आदल्याच दिवशी तलवारबाजीचा एक मॉड टाकला होता, त्याच्यावर खापर फोडलं आणि तो काढला. बुजगावणी जशीच्या तशी. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. हालचालींचे बरेच मॉड टाकल्यावर एफएनआयएससारखा प्रोग्राम चालवावा लागतो, तो सगळ्या हालचाली एकत्र करून नव्या फाइली बनवतो. मॉड ऑर्गनायझरमधून चालवला की त्या फाइली जाऊन पडतात ओव्हरराइटमध्ये. म्हणजे मी ज्याला कचरा म्हणाले तो गावाचा कणा होता. एफएनआयएस परत चालवला, माणसं हात खाली घेऊन कामाला लागली. आता त्या फाइलींचा स्वतंत्र मॉड करून ठेवते, नावच दिलंय 'काढू नकोस'.

*

अँटिव्हायरस. एसकेएसईवर चालणाऱ्या एका मॉडची डीएलएल फाइल गुपचूप क्वारंटाइनमध्ये टाकली होती. तीन दिवस मी मॉड बनवणाऱ्याला मनात शिव्या देत होतो. एवढंच.

*

वय ५८, निवृत्तीला दोन वर्षं. मुलाने नाद लावला आणि स्वतः नोकरीला बंगळूरला गेला. मी मॉड टाकायला व्होर्टेक्स हा प्रोग्राम वापरतो. मॉड डाउनलोड होतात, इन्स्टॉल झाले असं हिरव्या अक्षरात येतं, गेममध्ये मात्र काही दिसत नाही. माझा संशय माझ्या वयावर. मुलाला व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे?"
"डी. सी भरला होता."
"आणि व्होर्टेक्सचा स्टेजिंग फोल्डर?"
"तो काय असतो?"
"बाबा, वर पिवळी सूचना येत नाही का? मॉड डिप्लॉय होत नाहीत, गेमपर्यंत पोचत नाहीत म्हणून?"
"येते. मी ती रोज बंद करतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. व्होर्टेक्स मॉडच्या फाइली गेममध्ये कॉपी करत नाही, हार्डलिंक करतो, म्हणजे एकाच फाइलीला दोन ठिकाणी पत्ता देतो. आणि हार्डलिंक दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये जोडता येत नाही. स्टेजिंग फोल्डर, म्हणजे व्होर्टेक्स मॉड साठवून ठेवतो तो, डी वर नेला, पाच मिनिटांत काम झालं. सूनबाई मागून म्हणाली की बाबांनी विजेच्या बिलाची सूचनाही अशीच बंद केली होती. त्यात तथ्य आहे.

*

माझ्याकडे लिडियाच्या, म्हणजे गेममधल्या साथीदारणीच्या, तोंडाला काळं फासलं गेलं. शब्दशः. मान गोरी, चेहरा कोळशासारखा, आणि मध्ये गळ्याभोवती रेघ. सगळे म्हणाले टेक्स्चर (वर चढवलेलं चित्र) खराब आहे, त्वचेचा मॉड बदल. तीन बदलले. काळी ती काळीच.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण यात रोज कोणीतरी अडकतं. पात्राचा चेहरा दोन जागी साठवलेला असतो. एक म्हणजे प्लगिनमधली, मॉडच्या नोंदवहीसारख्या फाइलीतली, नोंद : नाक कुठलं, केस कुठले, त्वचेचा रंग कुठला. दुसरी म्हणजे त्यावरून आधीच बनवून ठेवलेली चेहऱ्याची फाइल, पात्राच्या क्रमांकाच्या नावाने. लिडियाची आहे ०००ए२सी८ई.निफ. या दोन्ही एकमेकींशी जुळल्या नाहीत की गेम चेहरा काळा-करडा करून टाकतो. माझ्याकडे लिडियाला सुंदर करणारा एक मॉड होता, आणि दुसरा होता साथीदारांना लढाईत हुशार करणारा. दुसऱ्याने चेहऱ्याला हातसुद्धा लावला नव्हता. पण त्याच्या प्लगिनमध्ये लिडियाची अख्खी नोंद होती, जुन्या चेहऱ्यासकट, आणि तो प्लगिन यादीत खाली होता. खालचा जिंकतो. म्हणजे नोंद हुशारीवाल्याची, फाइल सौंदर्यवाल्याची.

मॉड ऑर्गनायझरमध्ये डावी यादी फाइलींची आणि उजवी प्लगिनची. मी फक्त डावीकडे खालीवर करत बसलो होतो. सौंदर्यवाला दोन्हीकडे खाली नेला, लिडिया उजळली, पण लढाईतली हुशारी गेली. शेवटी एसएसईएडिट या प्लगिन संपादायच्या टूलमध्ये दोन्ही नोंदी शेजारी उघडून चेहरा एकीचा आणि हुशारी दुसरीची असा छोटा पॅच बनवला. अर्धा तास लागला. पहिल्यांदा ते निळं-लाल कोष्टक पाहून घाम फुटतो, नंतर रेशनकार्डावरची नावं तपासल्यासारखं वाटतं.

*

आमच्याकडे लातूरजवळ वीज जाते. टेक्स्चरचा मोठा मॉड उतरवताना गेली. परत आल्यावर फाइल पूर्ण दिसत होती, उघडताना कसलीशी चूक दाखवली, मी ओके दाबलं. माझा घोडा जांभळा. निम्मं रिव्हरवुड गावही जांभळं. जांभळं म्हणजे टेक्स्चर जागेवर नाही, आणि लाल उद्गारचिन्ह तरंगताना दिसलं तर वस्तूचा सांगाडाच गायब, एवढं तेव्हा शिकलो. ग्राफिक्स कार्ड मेलं असं वाटून दुकानात घेऊन गेलो होतो, हे कोणाला सांगू नका.

*

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजचं खातं आजोबांच्या हौसेने देवनागरीत आहे. एक जुनं टूल सुरू होताच मरायचं. त्याच्या लॉगमध्ये पत्ता पाहिला तर यूझर्सच्या पुढे नुसती प्रश्नचिन्हं. गेम, टूल सगळं डी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये हलवलं. आजोबांचं नाव तसंच आहे.

*

म्हापशाहून. ७० तासांचा खेळ. थंडी लागण्याचा मॉड कंटाळा आला म्हणून मध्येच काढला. आठवडाभर काही झालं नाही, मग सेव्ह लोड होईनात. नवीन टाकलेल्या घराच्या मॉडला धरलं, तो बिचारा निर्दोष. रीसेव्हर या सेव्ह तपासायच्या टूलमध्ये सेव्ह उघडली तर काढलेल्या मॉडच्या स्क्रिप्ट अजून आत बसलेल्या, मालक गेला तरी भाडेकरू राहतात तशा. साफ करून पाहिलं, मला यश आलं नाही. मॉड काढण्याआधीच्या सेव्हवर परत गेलो. ४१ तास गेले. बायको म्हणते बरं झालं.

*

मूळ धागेवालाच परत लिहितोय. वाचून मजा आली, पण माझी एक केस अजून उघडी आहे. रिफ्टेन शहराच्या दारातून आत गेलं की गेम बंद पडून डेस्कटॉपवर, दहातून सहा वेळा. क्रॅश लॉग दर वेळी वेगळ्याच फाइलीकडे बोट दाखवतो. मिसिंग मास्टर नाहीत (म्हणजे एखादा मॉड ज्याच्यावर टेकलाय ती फाइल गायब नाही), प्लगिनचा क्रम लावणाऱ्या लूट या टूलची तक्रार नाही.

म्हणून आता अर्धे-अर्धे करतोय. २१२ मॉड होते. निम्मे बंद करायचे आणि दहादा दारातून जायचं. क्रॅश झाला तर चोर चालू असलेल्यांत, नाहीतर बंद केलेल्यांत. गोम अशी की एका मॉडचा मास्टर दुसऱ्या निम्म्यात गेला तर गेम मेनूपर्यंतही पोचत नाही, त्यामुळे नातलग एकत्र ठेवून वाटणी करावी लागते, लग्नातल्या गाड्यांसारखी. २१२ चे १०६, मग ५३, २७, १४. आज दुपारी सात उरले. त्यात एक तो मासे विकणाऱ्याच्या टोपलीत खरे मासे दाखवणारा मॉड आहे. संशय त्याच्यावर आहे, म्हणजे तो नसणारच. रात्री पुढची फेरी करून कळवतो.