लिलावात घेतलेला रुपया घासलेला निघाला, सेलरशी कसं बोलू?

नाणेवेडा_सातारा: ऑनलाइन लिलावात १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घेतला, तोच तो, राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून सरकारने तेव्हा चलनातून परत घेतलेला. लिस्टिंगमध्ये फक्त 'छान कंडिशन' होतं, आणि हातात आला तर भांडं घासल्यासारखा चकचकीत, राजाच्या दाढीजवळ बारीक ओरखडे. सेलर म्हणतो फोटोत होतं तेच दिलंय. निगेटिव्ह रेटिंग टाकू का?

जुनं_चलन: रेटिंग आत्ता नको रे, एकदा टाकलंस की तो बोलायचंच बंद करेल. साइटच्याच मेसेजमध्ये लिही, फोनवरचं काही सिद्ध करता येत नाही. न चिडता विचार की नाणं साफ केलंय का. घरात सापडलेलं नाणं घासलं की भाव वाढतो असं खूप जणांना मनापासून वाटतं, संग्राहकाला नेमकं उलटं हवं असतं, त्यामुळे तो फसवतोच आहे असं धरून चालू नको.

टांकसाळ: आधी वजन कर!! ११.६६ ग्रॅम हवं, झिजेमुळे थोडं कमी चालेल. जास्तच फरक आला तर नकली असू शकतं. काट्यावरचा फोटो पाठव, रिटर्नची मुदतही बघून ठेव.

मीराताई: मी स्वतः विकते, माझं स्पष्ट मत, साफ केलेलं नाणं असेल तर वर्णनात लिहायलाच पाहिजे, फोटोत ओरखडे कुठे दिसतात? पूर्ण रिफंड माग, किंवा ठेवायचं असेल तर थोडे पैसे परत. पण कुरियरचा खर्च कोणाचा हे आधीच लिहून घे दादा, मिटलेलं भांडण तिथेच परत पेटतं. साइटनेही दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.