मदत हवी आहे : पाहुण्यांना आमच्या भागातलं कला-संस्कृतीचं काय दाखवावं? अर्जंट

पाटीवरचा_पोरगा
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून थोडक्यात लिहितो. होणाऱ्या वहिनीकडचे पाहुणे गावाकडं येऊलालेत आणि त्यांचा मेसेज आलाय की आम्हाला तुमच्या भागातलं आर्ट अँड कल्चर बघायचंय, म्युझियम, जुनी मंदिरं, लोककला, हातानं बनवलेल्या वस्तू, जे असेल ते, तुम्ही ठरवून ठेवा. घरात सगळे कार्याच्या गडबडीत, दादा म्हणतो तूच बघ. नेटवर बघितलं तर जिकडंतिकडं वेरूळ-अजिंठाच येतंय. ते सांगू नका, ते त्यांचं बघून झालंय. फिरायला दोन दिवस आहेत. काय दाखवू? लवकर सांगा, गाडी बुक करायची आहे.

किल्लेवेडा
भावा, आमचा भाग म्हणजे कुठला? मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत. माहूरकडचा असशील तर वेगळं सांगावं लागंल, भूम-परांड्याकडचा असशील तर वेगळं.

पैठणी_प्रेमी
पैठणला न्या! हातमागावर पैठणी विणताना बघायला मिळते आणि खरेदीपण होते. फक्त घेताना साडी उलटी करून बघा, हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागं धागे लोंबत असले तर ती मशीनची. २०१० साली पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तो टॅग मागून घ्यायचा. मोर, मुनिया, आसावली, नारळी काठ, काय काय असतं बघा. संत एकनाथांचं गाव आहे, समाधीचं दर्शनपण होईल.

पाटीवरचा_पोरगा
ताई, पैठण लांब पडतं, जाण्या-येण्यातच दिवस जाईल. आणि साडी घ्यायची नाहीये, साड्या घेऊन झाल्या सगळ्या. लातूर जिल्हा, लामजना पाटीपासून जवळ आमचं गाव.

मीना_निलंगेकडची
किती जण आहेत, कुठल्या महिन्यात येणार, म्हातारी माणसं, लेकरं आहेत का, हे काहीच लिहिलं नाहीत. मे महिन्यात येणार असतील तर दुपारी बाहेरच काढू नका त्यांना.

पाटीवरचा_पोरगा
डिसेंबर. १४ जण. एक आजी आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. आणि मराठी कुणालाच येत नाही, हिंदी चालते. कोलकात्याचे आहेत.

किल्लेवेडा
मग काय विचारच नको, नळदुर्ग. बोरी नदीचं पाणी किल्ल्यात वळवून त्यावर धरण बांधलंय आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल, १६१३ चं काम आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. पावसाळ्यात सांडव्यावरनं नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाणी आपल्या अंगावरनं बाहेर झेपावल्यासारखं वाटतं. असं काम महाराष्ट्रात दुसरीकडं दाखवा मला.

मीना_निलंगेकडची
दादा, तुम्हीच म्हणता पावसाळ्यात. ते डिसेंबरात येणारेत, तेव्हा कुठला धबधबा. आणि पाणीमहालात उतरायचं तर पायऱ्या आहेत, आजींना कसं जमायचं?

किल्लेवेडा
धबधबा नसला तरी बांधकाम तिथंच आहे ना. उलट पाणी नसताना ते नीट बघता येतं. आजींना वर बुरुजाच्या सावलीत बसवा.

मीना_निलंगेकडची
पाहुण्या बाईला एकटीला बुरुजाखाली बसवून बाकीचे फिरायला गेले असं लग्नघरात झालं तर वर्षभर बोलतील लोक. मी सांगते ते ऐका, निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर दाखवा. चालुक्य-यादव काळातलं, तारकाकृती, तीन गाभाऱ्यांचं, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघताना तास कसा जातो कळत नाही. मंदिर गावातच आहे, गाडी जवळपर्यंत जाते. आणि खरोसा तर तुमच्या उशाला आहे, लेणी बघितली का कधी?

पाटीवरचा_पोरगा
खरोशाला शाळेची सहल गेली होती. डोंगरावर काय आहे आता?

मीना_निलंगेकडची
असं कसं म्हणता. जांभ्या दगडातली लेणी आहेत ती. वेरूळला काळा कातळ बघितलेल्या माणसाला तो तांबूस खरबरीत दगड दाखवा, वेगळेपण लगेच ध्यानात येतं. नरसिंह, शिव-पार्वती, रावण, सगळं आहे. जांभा झिजतो म्हणून नाक-डोळे पुसट झालेत, म्हणून सकाळी किंवा चारनंतर जायचं, तिरपं ऊन पडलं की आकार उठून दिसतात. भर दुपारी गेलात तर तुम्हाला नुसती भोकं दिसतील आणि तुम्ही म्हणाल काय आहे आता.

लेणी_अभ्यास
लेणीच बघायची तर धाराशिव लेणी का सोडता? शहराला लागूनच आहेत. मोठं दालन, खांब, पार्श्वनाथांची मूर्ती, आणि जैन परंपरेत करकंड राजाची गोष्टच या लेण्यांशी जोडलेली आहे.

बालाघाटचा_वाटसरू
मूळची बौद्ध लेणी आहेत ती, नंतर जैन झाली. विहाराची मांडणीच सांगते.

लेणी_अभ्यास
मांडणीवरून ठरत नसतं. त्या काळात सगळेच तसल्या मांडणीची लेणी खोदत होते. आतल्या मूर्ती काय सांगतात ते बघा.

बालाघाटचा_वाटसरू
मूर्ती नंतर बसवता येते, लेणं नंतर खोदता येत नाही.

मीना_निलंगेकडची
या वादावर मोठमोठे अभ्यासक भांडून गेलेत, तुम्ही वेगळा धागा काढा, मी वाचीन. इथं त्या पोराला गाडी बुक करायची आहे.

निवृत्त_गुरुजी
मी उशिरा आलो, पण कोलकात्याचे पाहुणे हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. बाळा, त्यांना तेरला ने. बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

कारण सांगतो. बंगालात दगड कमी, म्हणून त्यांच्याकडची जुनी मंदिरं विटांची आणि भाजलेल्या मातीची, विष्णुपूरची मंदिरं त्यासाठीच नावाजलेली आहेत. ते पाहुणे लहानपणापासून ती बघत आले असतील. आपल्याकडं उलटं, जिकडं बघावं तिकडं दगड. आणि या दगडाच्या मुलखात तेरणेच्या काठी तेरला त्रिविक्रमाचं मंदिर उभं आहे विटांचं, मागची बाजू गोलाकार, बौद्ध लेण्यांतल्या चैत्यगृहासारखी, महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या वास्तूंमधलं एक. आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, पाय वर उचललेला. उत्तरेश्वराचं मंदिरही विटांचंच. बंगाली माणसाला विटेचं काम वेगळं शिकवावं लागत नाही, तो स्वतःच बघत बसेल.

मग रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. लामतुऱ्यांनी आयुष्यभर गावातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर, पावसात माती वाहून गेली की उघड्या पडणाऱ्या वस्तू गोळा केल्या. मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, साचे. सातवाहनांच्या काळात तेर म्हणजे तगर, मोठी बाजारपेठ. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदीत पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत, इथलं सुती कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जायचं आणि तिथून जहाजानं पार रोमच्या राज्यात. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक इटलीतल्या पॉम्पेईला निघालेल्या मूर्तीशी करतात. आणि शेवटी गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची समाधी. मातीच्या खेळण्यांपासून मातीच्या संतापर्यंत सगळं एकाच गावात, आणि सपाटीवर, आजींनाही फारसा त्रास नाही.

सरकारी संग्रहालय आहे, सोमवार धरून जाऊ नका आणि निघायच्या आधी उघडं असल्याची खात्री करून घ्या.

पाटीवरचा_पोरगा
गुरुजी 🙏 हे भारी सांगितलंत. आजोबा मातीच्या मूर्ती जमवतात असं वहिनी म्हणली होती, त्यांना नक्की आवडंल. तेर फिक्स. आता लोककलेचं सांगा कुणीतरी, शो वगैरे असतो का कुठं? तिकीट काढून बघता येईल असं? लातूरला वगैरे?

माळेगावकर
शो कशाला, माळेगावची यात्रा गाठा! लातूर-नांदेड रोडवरच आहे, लोहा तालुका. खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या आसपास भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल, कुस्त्या, लावणी, वाघ्या-मुरळी, पोतराज. अख्खं मराठवाडी कल्चर एका माळावर मिळतं.

मीना_निलंगेकडची
१४ पाहुणे आणि गुडघेदुखीच्या आजी घेऊन माळेगावच्या गर्दीत? सोयरे आहेत ते, दोस्त नाहीत.

माळेगावकर
ताई, आमच्याकडं नव्वदीच्या म्हाताऱ्या येतात यात्रेला. गर्दीला भ्यायचं तर मग लोककला कुठं बघणार, एसी हॉलमधे? लोककला माणसांत असते.

संबळ
मला एक सांगा, लग्न आहे म्हणता, मग घरी जागरण-गोंधळ आहे का नाही?

पाटीवरचा_पोरगा
हो आहे की. लग्न कोलकात्याला, इकडं रिसेप्शन, आणि दुसऱ्या दिवशी रात्री गोंधळ. कुलदैवत तुळजापूर आहे, गोंधळ तर असतोच. त्यात काय दाखवायचं, मी बघण्यासारखं विचारलोय.

संबळ
दादा, शो शोधत फिरायलाव आणि गोंधळ तुमच्या अंगणात आहे. मी गोंधळ्याच्याच घरचा, म्हणून सांगतो, नीट वाचा.

चौक भरताना, पाच धाटांचा मांडव उभा करताना, घट मांडताना पाहुण्यांना जवळ बसवा. लोक सगळं मांडून झाल्यावर पाहुण्यांना बोलावतात आणि तोवर निम्मं होऊन गेलेलं असतं. दिवटी पेटली की आधी नमन, मग एकेका देवाला नाव घेऊन, गाव घेऊन गोंधळाला बोलावणं, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठ्ठल. सगळा नकाशाच म्हणतो आम्ही गाण्यात. त्यानंतर आख्यान लागतं, त्यात गाणं, नाच, सवाल-जवाब, सोंग, सगळं येतं. भाषा कळली नाही तरी संबळ कळतो. संबळाची दोन भांडी वेगळ्या आवाजाची का, आकडीची काडी कुठं पडते, तुणतुण्याची तार कशी ताणतो, हे आमच्या माणसांना विचारलं तर ते कौतुकानं दाखवतात. बंगाली पाहुण्यांकडं बाऊल एकतारा घेऊन गातात, त्यांना तुणतुणं बघून लगेच ओळख पटंल.

फक्त दोन गोष्टी करा. आजकाल लोक गोंधळ तासाभरात उरकायला लावतात आणि मागं डीजे उभा करतात, ते करू नका. रात्रभर नाही तर निदान आख्यान पुरं होऊ द्या. आणि एक समजदार माणूस पाहुण्यांशेजारी बसवा जो हळू आवाजात हिंदीत गोष्ट सांगंल. बिदागी रीतसर द्या, पाहुण्यांपुढं घासाघीस नको.

निवृत्त_गुरुजी
संबळ, फार चांगलं लिहिलंत. शेजारी बसणारा माणूस म्हणून मी यायला तयार आहे, हे मनापासून लिहितोय.

खवय्या_औसा
जेवणाचं काय? बंगाली म्हणजे मासे लागतात. तेरणा धरणाचे मासे मिळतात बघा.

पाटीवरचा_पोरगा
जेवणाचं आई-काकू बघायलेत, मासे नकोत, घरात देवाचं कार्य आहे.

खवय्या_औसा
मग तुळजापूर-औसा रोडवर उजनी लागतं तिथली बासुंदी तरी पाजा. गोडाच्या बाबतीत बंगाली लोकांपुढं आपण कमी पडायचं नाही. आणि भूमकडचा खवा, कुंथलगिरीचा पेढा.

बंजारा_लेक
हातानं बनवलेल्या वस्तूंचं कुणीच बोललं नाही. तुमच्याच भागात किती तांडे आहेत. बंजारा कशिदा बघा, आरसे, कवड्या, रंगीत धाग्यांचे टाके. आमच्या आज्या-मावश्या अजून फेटिया-कांचळीचं, म्हणजे घागरा-चोळीचं काम करतात. ओळखीच्या माणसाला घेऊन जा, आधी विचारून जा, आणि आवडलं तर विकत घ्या, नुसते फोटो काढून परत येऊ नका.

पाटीवरचा_पोरगा
ताई, आमच्या शेताला लागूनच तांडा आहे, तिथल्या मावशी आमच्याकडं खुरपायला येतात, त्यांना विचारतो. बरं आता असं ठरवतो बघा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर खरोसा, आजींना आणि आणखी एकीला डायरेक्ट निलंग्याला, बाकीचे तिथं येऊन मिळतील, दुपारी घरी आराम, संध्याकाळी तांडा, रात्री गोंधळ. दुसऱ्या दिवशी उशिरा निघून तेर, मग तुळजापूर दर्शन, येताना उजनी. तिसऱ्या दिवशी सकाळी ते हैदराबादहून फ्लाइटनं जातील. नळदुर्ग राहिला, किल्लेवेडा भाऊ सॉरी.

किल्लेवेडा
राहू दे. पण औशाचा किल्ला घराजवळ आहे, अर्धा तास तरी थांबव गाडी.

मीना_निलंगेकडची
तारीख काय आहे हो? डिसेंबर म्हणता, येळवस, म्हणजे वेळ अमावस्या कधी आहे बघितलं का?

पाटीवरचा_पोरगा
ते जातील त्याच्या दुसऱ्या दिवशी येळवस आहे. का?

मीना_निलंगेकडची
का म्हणून काय विचारता! लातूर-धाराशिवची येळवस सोडून पाहुणे विमानात बसवताय? अख्खा जिल्हा शेतात असतो त्या दिवशी. कडब्याची कोप (खोपटं), पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर, ओळखीचा-अनोळखी कुणीही बांधावर आला तरी जेवल्याशिवाय जात नाही. पुण्या-मुंबईची पोरं सुट्ट्या काढून येतात येळवशीला. त्यांनी कल्चर मागितलंय ना, मग हेच की.

संबळ
ताईंचं खरं आहे. एक दिवस वाढवा.

माळेगावकर
एक दिवस वाढवला तर माळेगावपण बसतंय बघा 😀

निवृत्त_गुरुजी
माळेगाव नको, येळवस पुरे. आजींना खुर्ची टाकून कोपीच्या सावलीत बसवा.

पाटीवरचा_पोरगा
वहिनीला आत्ता फोन केला. आजींनी पहिला होकार दिला, म्हणल्या शेतात जेवायचं असेल तर थांबते. १४ पैकी ५ जणांना ऑफिस आहे ते जातील, ९ जण थांबणार, त्यांची तिकिटं बदलायलोय. आता १७ सीटर एक गाडी सगळे दिवस ठेवू का येळवशीला वेगळी करू? येळवशीला ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणे.

खवय्या_औसा
मिळतच नाहीत, सगळे आपापल्या शेतात. लातूरवाला नको, बाहेरच्या जिल्ह्यातला ड्रायव्हर बघ आणि त्यालापण भज्जी-भाकरीला शेतात घेऊन जा.

पैठणी_प्रेमी
तिकीट बदलतच आहात तर पैठणचंही बघा जमलं तर, हातमाग बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका.