मदत हवी आहे: कॅनडाला निघण्याआधी घराचे पैसे भरू का? (तातडीचं)

सागर_के
नमस्कार मंडळी. पीआर (कायम राहण्याचा परवाना) आला, पुढच्या महिन्यात निघतोय. नेटवर भाड्याचं एक बेसमेंट (तळघरातलं घर) पाहिलं. घरमालक म्हणतो तीन महिन्यांचं भाडं आत्ता पाठवा, नाहीतर दुसऱ्याला देतो. उद्यापर्यंत सांगायचंय. पाठवू का? निघण्याआधी आणखी काय उरकावं तेही सांगा. लवकर प्लीज.

मिसिसागाकर
कुठला प्रांत? एकटे की कुटुंब? घर कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

उत्तरा
मुलं असतील तर लसीकरणाची नोंद इंग्रजीत टाइप करून, डॉक्टरांचा सही-शिक्का घेऊन ठेवा. ओंटारिओ प्रांतात शाळेसाठी ती लागते. २०१० किंवा नंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांची लसही त्यात येते. आमच्या लेकीच्या कार्डाच्या घडीवरच्या दोन तारखा पुसल्या होत्या आणि बाकीचं डॉक्टरांचं अक्षर तिथे कुणाला लागेना.

सागर_के
ब्रॅम्प्टन, ओंटारिओ. बायको आणि ५ वर्षांचा मुलगा सोबत. घर व्हिडिओवर पाहिलंय. पाठवू की नको, एवढंच सांगा ना.

मिसिसागाकर
पाठवू नका. ओंटारिओच्या कायद्याने घरमालकाला डिपॉझिट म्हणून जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं मागता येतं आणि ते शेवटच्या महिन्याच्या भाड्यात वळतं करावं लागतं. मोडतोडीसाठी वेगळं डिपॉझिट घेताच येत नाही. व्हिडिओ कुणाच्याही घराचा असू शकतो.

स्कारबरो_राजा
कायदा कागदावर राहतो हो. नव्या माणसाकडे ना क्रेडिट हिस्ट्री, ना तिथली पगाराची स्लिप. आम्ही स्वतःहून सहा महिन्यांचं आगाऊ दिलं, तेव्हा घर मिळालं. इतकं ताणलंत तर पोरगं घेऊन राहणार कुठे?

मिसिसागाकर
राजे, तुम्ही घर बघून, चावी हातात घेऊन दिलेत. हे इथून न बघता पाठवणार. सागर, त्याच्याकडे ओंटारिओचा स्टँडर्ड लीज (सरकारी नमुन्यातला भाडेकरार) मागा. साध्या भाड्याच्या घरांना ३० एप्रिल २०१८ पासून तोच करार लागतो. काय म्हणतो ते इथे लिहा.

बर्नबीवासी
आमच्या बीसीत (ब्रिटिश कोलंबिया प्रांतात) डिपॉझिट अर्ध्या महिन्याचंच. पण सरकारी आरोग्य विमा पोचल्याचा उरलेला महिना अधिक दोन महिने मिळत नाही, खासगी विमा भारतातूनच घेऊन जा.

मिसिसागाकर
अहो, ते ब्रॅम्प्टनला चाललेत. ओंटारिओने तीन महिन्यांची अट २०२० मध्येच काढली. नसता खर्च सांगू नका.

सुलभाताई
आईवडिलांना बोलवायचं असेल तर सुपर व्हिसा बघा, एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. आणि सोन्याचे दागिने नेणार असाल तर फोटो काढून, व्हॅल्युएशन करून घ्या. जे सामान मागाहून येणार त्याची यादी पहिल्या प्रवेशालाच कस्टम्सला द्यावी लागते, नाहीतर नंतर ड्यूटी बसू शकते.

सागर_के
ताई, आईबाबा येत नाहीयेत. करार मागितला, तो म्हणतो आधी पैसे, मग कागद. म्हणजे हे सोडून देतो. पोचल्यावर दोन-तीन आठवडे तात्पुरतं कुठेतरी राहून बघू. बायकोला नोकरी पटकन लागली तर निभेल. ती नर्स आहे, बारा वर्षं आयसीयूत.

उत्तरा
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! मी पण नर्स. तिथे नर्सिंग नियमन असलेला पेशा आहे. कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ओंटारिओची (नाव कॉलेज, पण ही नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. शिक्षणाची आणि इथल्या नोंदणीची कागदपत्रं तुमच्या हातून चालत नाहीत, नर्सिंग कॉलेज आणि कौन्सिलकडून थेट जावी लागतात. तिथे बसून इथल्या क्लार्कला फोन लावत राहिलं की महिने जातात, आमच्या बॅचच्या दोघींचे गेले.

स्कारबरो_राजा
तोवर पीएसडब्ल्यूचं (रुग्ण-वृद्धांची देखभाल करणाऱ्या मदतनीसाचं) काम धरा की, सगळ्याजणी तेच करतात.

उत्तरा
करतात, आणि त्यातच अडकून राहतात. बारा वर्षांच्या आयसीयूच्या बाईला पहिल्याच दिवशी हे सांगू नका. सागर, वहिनींचं कॉलेज कुठलं? आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे की रिन्यू करायचं राहिलंय?

सागर_के
सरकारी कॉलेज, नागपूर. रिन्युअलचं तिला विचारतो.

उत्तरा
राहिलं असेल तर आधी तेच. मग सोमवारी दोघं मिळून कॉलेजच्या ऑफिसात जा. लिफाफा किंवा ईमेल नेमका कुठे पाठवायचा ते छापून त्यांच्या हातात द्या, आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका.