टॉवरचं ‘विकिरण’ मराठीत काय लिहू?

खानापूरवाला: गावात मोबाइल टॉवर बसतोय. कन्नड सूचना मराठीत करून फळ्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कन्नडात रेडिएशनला ‘विकिरण’ होतं, मी ‘किरणोत्सर्ग’ लिहिलं. संध्याकाळी शेजारच्या मावशी दारात हजर. “ते कैग्याच्या अणुभट्टीतलं इथं कशाला आणतेत रे?” आता पुसून काय लिहू?

जुना मास्तर: मावशी बरोबर आहेत की. किरणोत्सर्ग अणुकेंद्रातून होतो. टॉवरच्या लहरींना अणूतला एक इलेक्ट्रॉनसुद्धा उपटता येत नाही, फार तर ऊब देतील. क्ष-किरणाच्या एका कणात त्यांच्या एका कणाच्या अब्जावधी पट ऊर्जा असते. परिभाषेतला शब्द ‘प्रारण’.

निपाणीची सून: सर, ‘प्रारण’ वाचून मावशी विचारतील, कुठं पेटलंय रण? ‘विकिरण’च ठेवा. इथं दोन्ही भाषा कानावर असतात.

जुना मास्तर: मराठी पाठ्यपुस्तकात विकिरण म्हणजे प्रकाशाचं विखुरणं, ज्यानं आभाळ निळं दिसतं. शेजारच्या भाषेचा शब्द उसना घेताना अर्थ तपासावा.

निपाणीची सून: मग कन्नडातून आणलेला ‘अडकित्ता’ परत करा आधी!

वडगावकर: सरळ ‘लहरी’ लिहा. आजोबा रेडिओची सुई १२५१ किलोहर्ट्झवर आणून सांगली लावायचे. ती एक लहर जवळपास २४० मीटर, जमिनीला धरून टेकाडामागंही यायची. टॉवरची, १८०० मेगाहर्ट्झची धरली तर १७ सेंटिमीटर, वीतभरही नाही. म्हणून तर गोठ्यामागं गेलं की रेंज जातंय.

खानापूरवाला: ‘टॉवरच्या लहरी’ लिहिलं तर पोरं हसतील. आमच्यात लहरी म्हणजे आमचे तात्या.

गाडीवान: ‘प्रारण’ला हसू नका. त्यात ‘आर’ आहे, गाडीच्या चाकाचा आरा. चाकाच्या मधल्या तुंब्यातून चहूकडं जातो तसा किरण. लॅटिनमध्येही रेडियस म्हणजे आराच.

जुना मास्तर: लॅटिनचं खरं आहे. प्रारणाचा पुरावा दाखवा.

वडगावकर: आर म्हणजे बैलाला टोचायची टोकदार अणी. मला तर ‘प्रारण’ ऐकून बैल हाकायची पराणीच आठवते.

निपाणीची सून: पराणी म्हणजे साधी काठी ना?

गाडीवान: छे हो ताई! टोकाला आर ठोकली तरच पराणी.

खानापूरवाला: अहो, फळा…

वडगावकर: थांब गा. आमच्याकडं बिनआरेच्या काठीलाही पराणीच म्हणतेत.

गाडीवान: म्हणत असतील. बैल हलतोय काय त्यानं?