शब्दचर्चा: ‘स्टोअर्ड प्रोसिजर’ आणि ‘मॉनिटरिंग’ला काय म्हणावं?

कोनाडा: एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रणालीतल्या डेटा कलेक्टरवर, म्हणजे सर्व्हरच्या कामाचे आकडे ठरल्या वेळी टिपणाऱ्या सोयीवर, मराठीत टिपण लिहितो आहे. वाक्य असं झालंय: ‘संचयित प्रक्रियेद्वारे संनियंत्रण विदा संकलनाची स्थापना करावी.’ म्हणायचंय एवढंच की एसपी_सिसकलेक्टर_क्रिएट_कलेक्शन_सेट ही स्टोअर्ड प्रोसिजर चालवा. वाचवत नाही. काय बदलू?

दौत: आधी ‘प्रक्रिया’ काढा. तो शब्द ‘प्रोसेस’ला गेला, प्रक्रिया म्हणजे घडत असलेलं काही. ही तर लिहून डेटाबेसमध्ये ठेवलेली आज्ञावली, नाव घेतलं की चालणारी. स्वयंपाकाच्या पुस्तकात ‘साहित्य’ आणि ‘कृती’ असते ना, तीच कृती. पॅरामीटर, म्हणजे चालवताना तिला दिलेल्या किमती, हे साहित्य. ‘संचयित’ही नको. संचय थोडाथोडा वाढत जातो, ही एकदा ठेवली की तशीच राहते. ‘साठवलेली कृती’ म्हणा.

उंबरठा: ‘कृती चालवली’ कुणी म्हणेल का? दिवसभर सगळे स्टोअर्ड प्रोसिजरला ‘एसपी’ म्हणतात, ‘एसपी चालवली’. (बाहेरच्याला वाटतं पोलीस अधीक्षकांचा विषय चाललाय.) टिपणात सरळ ‘स्टोअर्ड प्रोसिजर’ लिहा, स्त्रीलिंगी. ‘संनियंत्रण’ मात्र चूकच. नियंत्रण म्हणजे ताबा, आणि कलेक्टर कशाचाही ताबा घेत नाही. ठरल्या वेळी आकडे टिपतो. पर्जन्यमापकातला पाऊस सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहितात, तसं. ‘पाळत’मध्ये संशय आला, ‘देखरेख’ करणारा चुकलं तर टोकतोही. इथे फक्त ‘नोंद’ आहे. देखरेख नंतर माणसाने करायची.

दौत: ‘नोंद’ पटलं. पण सगळ्यात घातक शब्द ‘स्थापना’. वाचणारा क्रिएट चालवून निवांत बसेल. क्रिएटने संच (कलेक्शन सेट, म्हणजे एकत्र टिपायच्या नोंदींचा गट) नुसता तयार होतो आणि त्याचा क्रमांक परत मिळतो. तो क्रमांक क्रिएट_कलेक्शन_आयटम या पुढच्या प्रोसिजरला द्यायचा. क्वेरी (आकडे मागणारी आज्ञा), आउटपुट टेबलाचं नाव आणि दर किती सेकंदांनी टिपायचं ते तिथे ठरतं. ५ सेकंदांपेक्षा कमी चालत नाही. मग स्टार्ट_कलेक्शन_सेट. हे सगळं एमएसडीबी या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. त्याआधी नोंदींचं कोठार, म्हणजे मॅनेजमेंट डेटा वेअरहाऊस, नेमलेलं हवं आणि एसक्यूएल सर्व्हर एजंट, म्हणजे ठरल्या वेळी कामं (जॉब) चालवणारी सेवा, चालू हवा. म्हणून ‘संच तयार करणे’ आणि ‘संच चालू करणे’ ही दोन क्रियापदं वेगळीच ठेवा.

कोनाडा: टिपलेलं कोठारात कसं पाठवायचं ते ठरवणाऱ्या @कलेक्शन_मोड या क्रिएटच्या पॅरामीटरसाठी ‘संचयित’ आणि ‘असंचयित’ लिहिलं होतं. आता तेही गेलं.

उंबरठा: जाऊ द्या. ० म्हणजे ‘साठवून पाठवणे’: टिपलेलं आधी सर्व्हरवरच्या कॅश फोल्डरमध्ये पडतं, पाठवणी वेगळ्या वेळापत्रकाने. एजंटमध्ये त्याचे दोन जॉब दिसतात, एक टिपण्याचा, एक पाठवण्याचा. १ म्हणजे ‘हातोहात’: टिपलं की त्याच फेरीत कोठारात. तासातून एकदा लागणाऱ्या आकड्यांना हातोहात बरं. दर दहा-पंधरा सेकंदांच्या नोंदींना साठवून.

आणि @डेज_अंटिल_एक्स्पायरेशन या पॅरामीटरला ‘मुदत’ म्हणू नका. मुदत संपली की संकलन थांबेल असं वाटतं. संकलन चालूच राहतं, जुन्या नोंदी तेवढ्या पुसल्या जातात. ‘नोंदी किती दिवस ठेवायच्या’ असं लिहा. काहीच दिलं नाही तर ७३०. शून्य दिलं तर पुसणंच बंद, आणि कोठार फुगत जातं.

दौत: एक भर. क्वेरीच्या निकालात स्नॅपशॉट_टाइम, स्नॅपशॉट_आयडी किंवा डेटाबेस_नेम नावाचा रकाना ठेवू नका. ती नावं कलेक्टरने स्वतःसाठी राखलेली आहेत. तिसरं नाव हमखास नडतं, कारण बहुतेकांच्या क्वेरीत ते असतंच. ‘डीबी_नाव’ काहीतरी टोपणनाव द्या.

कोनाडा: मग वाक्य असं: ‘नोंदींचा संच स्टोअर्ड प्रोसिजरने तयार करा, त्यात काय टिपायचं ते भरा आणि मग तो चालू करा.’

उंबरठा: ‘मग’ ठळक करा.